चार खांबांच्या खेळाचा निकाल

आमच्या मंडळाच्या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "काका, दुबईच्या आठवणी लिहा. सुरुवात कशी केलीत, मग वर कसे चढत गेलात, असं काहीतरी." मी म्हटलं, मी वर चढलो तो जिन्याने, लिफ्ट बंद पडली की. दुसरं चढणं नशिबात नव्हतं. आणि मी दुबईला नव्हतोच, अजमानला होतो. पण गावाला काय, समुद्रापलीकडे गेला तो दुबईला गेला.

मी सातवी नापास. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी शुद्धलेखनावरून बोलायला नको. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सुधारावं. वाक्यं माझी आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

तर माझं काम नातूरचं. तिकडे इमारत राखणाऱ्याला नातूर म्हणतात. आपल्याकडच्या वॉचमनसारखा स्टुलावर बसून पेंगणारा तो नव्हे. नातूर म्हणजे इमारतीची सासूही आणि सूनही. जिन्याखालच्या खोलीत राहायचं. पहाटे गाड्या धुवायच्या, मग टाकीची मोटर, मग जिना. कोणाचा एसी खालच्याच्या गॅलरीत गळतो, कोणाचा सिलिंडर संपला, कोणाचा बल्ब गेला, सगळं नातूरकडे. भांडणही नातूरकडे. मालक महिन्यातून एकदा यायचा. गाडीतून उतरायचाही नाही, काच खाली करून विचारायचा, "कुल्लू तमाम?" म्हणजे सगळं ठीक ना. मी म्हणायचो, "तमाम." काच वर. खलास.

काम जड नव्हतं. जड होता उन्हाळा. तिकडे जून संपता शाळांना सुट्टी लागली की कुटुंबंच्या कुटुंबं आपापल्या देशाला जातात. जाताना चाव्या नातूरकडे. माझ्या खोलीत भिंतभर खिळे ठोकलेले, त्यांवर चाव्या. अमक्याच्या झाडांना पाणी, तमक्याच्या माशांना दाणे. बाहेर ऊन असं की कुत्रं रस्ता ओलांडत नाही, आणि मी भर दुपारी रिकाम्या इमारतीचा जिना पुसत असायचो. कोणासाठी पुसतोय, ठाऊक नाही. मधेच एखाद्या बंद फ्लॅटमध्ये फोन वाजायला लागायचा. वाजवाज वाजायचा. चावी माझ्याकडे. वाटायचं उघडावं, उचलावा, म्हणावं, "नाहीत हो घरी. मी आहे, बोला." पण चावी मासे जगवायला दिलेली, फोन उचलायला नव्हे. मी पायरी पुसत राहायचो. फोन थांबला की जिना आणखी मोठा वाटायचा.

त्या इमारतीत नाना तऱ्हेची माणसं होती. पण मला दोघांबद्दलच लिहायचंय.

एक मादाम नादिया. चौथ्या मजल्यावरच्या इजिप्तच्या बाई, शाळेत अरबी शिकवायच्या. लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही आणि गुडघ्यांत जिन्याचा दम नाही. मग त्या त्यांच्या देशातल्या रीतीप्रमाणे गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायच्या. "या नातूर!" (अरबीतलं हे "या" म्हणजे आपलं "अरे") अशी हाक आली की मी जाऊन बेकरीतली रोटी किंवा काय असेल ते टोपलीत ठेवायचो, आणि त्या वर ओढून घ्यायच्या. लोक हसायचे. मला त्यात नवल वाटायचं नाही. आमच्याकडे आंब्याच्या झाडावरून टोपली अशीच उतरते.

दुसरा डग साहेब. ऑस्ट्रेलियाचा. तिसऱ्या मजल्यावर एकटाच राहायचा. त्याच्या देशातून जिवंत मेंढरांनी भरलेली जहाजं इकडे येतात, ती उतरवून घ्यायचं त्याचं काम. कधी दुबई, कधी खोर फक्कान, बंदराबंदराने फिरायचा. साडेसहा फुटी माणूस, टक्कल, गुडघे कामातून गेलेले, आणि अंगाला मेंढरांचा वास. तो लिफ्टमधून गेला की मागाहून येणारे जिन्याने जायचे. मादाम नादिया तर वरून ओरडायच्या, "या नातूर, मेंढा आला का?" तोही खालून "बेऽऽ" करायचा. पण त्या दोघांचं आपसात बोलणं तेवढंच.

एक दिवस मादामनी टोपली वर ओढायला घेतली. आत ऑलिव्ह तेलाची मोठी बाटली. टोपली जवळजवळ गॅलरीला टेकली आणि दोरी तुटली. मी अगदी खाली उभा. वर बघितलं आणि बाजूला उडी मारली. कोणीही मारेल. डग साहेब गाडी लावून येत होता. त्याने हातातली पिशवी टाकली, लंगड्या गुडघ्यांनी चार ढांगा धावला, आणि पाठ फिरवून, डोक्याच्या वर, दोन्ही हातांनी ती टोपली अशी झेलली जसं लेकराला कडेवर घ्यावं. बाटली शाबूत.

मादाम वरून टाळ्या वाजवायला लागल्या. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. मी विचारलं, "साहेब, ये हाथ किस काम का है?"

तो म्हणाला, "फुटबॉल."

मी म्हटलं, "फुटबॉल पाय से खेलते हैं."

"हमारा वाला नहीं."

आमची बोली अशीच, अर्धी हिंदी, अर्धी इंग्रजी, उरलेले हातवारे. इथून पुढे मराठीत लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याचे हाल.

त्याने सांगितलं की आपल्या देशात तो मोठा खेळाडू होता. मी म्हटलं, मीही खेळाडूच. कबड्डी. डावा कोपरा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाई करणाऱ्याचं नाव होतं, लोक त्याला खांद्यावर घेतात. पण आलेल्या चढाईवाल्याचा घोटा पकडून त्याला मातीत लोळवतो तो कोपरा. त्याचं नाव कोणी घेत नाही. तोंडात माती तेवढी त्याच्या जाते. पुढे मी आसपासच्या वाड्यांत पंच म्हणून जायचो. माझा निकाल कोणी फिरवलेला नाही. भावकीचा संघ हरला तरी नाही.

हे मी सहज, थोड्या मिजाशीतच सांगितलं. त्याने ते ध्यानात ठेवलं.

उन्हाळा लागला, इमारत रिकामी झाली. मादाम कैरोला गेल्या. उरलो आम्ही, आणि असेच कोणी दोन-चार, ज्यांना जायला जागा नाही किंवा रजा नाही. एका शुक्रवारी डग साहेब जिन्यात माझ्याशेजारी येऊन बसला. त्या पायरीवर तो मावतही नव्हता.

"मेट," तो म्हणाला. मला तो मेटच म्हणायचा, म्हणजे आपलं गड्या. "तू पंच आहेस ना? एक निकाल हवाय."

गोष्ट अशी होती. त्याच्या जुन्या क्लबचा फोन आला होता. सप्टेंबरात मोठा समारंभ आहे, क्लबच्या थोर खेळाडूंत तुझं नाव घालतोय, ये. तो खूष झाला. खुषीत हॉटेलच्या बारमध्ये जाऊन बसला. तिथे त्याच्याच गावाकडचा एक माणूस भेटला. त्याने याला ओळखलं आणि चारचौघांत म्हणाला, "तू ओव्हररेटेड होतास. माझा बाप नेहमी म्हणायचा. कामापेक्षा नाव मोठं."

"दारू प्यायलेला असेल," मी म्हटलं.

"होता. पण मी घरी आलो आणि झोपलो नाही. तो खरं बोलत असेल तर मी तिथे कोट घालून उभा राहून काय करू? लोक टाळ्या वाजवतील आणि मनात हसतील. जायचंच नाही मग."

"तुमच्या माणसांना विचारा."

"दोस्त खोटं बोलतील, दुश्मन पण खोटं बोलतील. तू माझा कोणीच नाहीस. तुला खेळ ठाऊक नाही. माझ्याकडे टेपा आहेत. बघ आणि सांग."

मी तुझा कोणीच नाही, हे त्याने चांगल्या अर्थानेच म्हटलं. पण जरा लागलं.

मी अटी घातल्या. पंचाच्या अटी. पहिली, टेप चालू असताना कोणी बोलायचं नाही. खेळाडूने पंचाच्या कानाशी लागलेलं मला चालत नाही. मी विचारलं तरच बोलायचं. दुसरी, निकाल लागेपर्यंत मी त्याच्या घरचं काही खाणार-पिणार नाही. ज्याचा निकाल द्यायचा त्याचं मीठ खायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तो म्हणाला, "चहासुद्धा नाही? बिस्किट?" मी म्हटलं, "पाणीसुद्धा नाही." आणि दर शुक्रवारी दुपारी मी माझा थर्मास घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायला लागलो. तो त्याचा बिअरचा डबा घेऊन एका टोकाला, मी माझा थर्मास घेऊन दुसऱ्या टोकाला. मधे टीव्ही.

आता तो खेळ. मैदान लांबट गोल, केवढं म्हणाल तर आमची अख्खी वाडी मावेल. माणसं धावतात बिनबाह्यांची बनियनं आणि तोकड्या चड्ड्या घालून. चेंडू गोल नाही, सोललेल्या नारळासारखा, कुठे उडेल त्याचा भरवसा नाही. हाताने बुक्की मारून द्यायचा नाहीतर पायाने उडवायचा. उडालेला चेंडू झेलायला माणसं एकमेकांच्या पाठीवर चढतात, खुशाल गुडघे ठेवून, आणि पंच काही म्हणत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला, म्हणजे नेम चुकला, तरी एक गुण! हे मला पटेना. मी टेप थांबवायला लावली.

"चुकलं त्याचा गुण?"

"हो."

"का?"

त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, "जवळ गेला म्हणून असेल."

आमच्या कबड्डीत जवळ गेल्याचा गुण नाही. रेषेला हात लागला तर लागला. पण परक्या खेळाचे नियम परक्याचे. मी म्हटलं, "लावा पुढे."

त्याचा नंबर मी विचारून घेतला होता. अठ्ठावीस. टेपा जुन्या, टेपेवरून टेपेवर उतरवलेल्या, चित्रात पाऊस पडल्यासारखं. त्यात सगळेच उंच, सगळेच लाल-गोरे, डोक्यावर रानासारखे केस. या टकल्या माणसाला त्यात शोधायचं कसं? मी नंबरावर नजर ठेवली. आणि काय सांगू, माणूस खेळत होता! चेंडू जिथे मातीत, तिथे हा. तिघांच्या खाली सापडलेला असायचा आणि तिथून चेंडू बाहेर काढायचा. पडायचा, उठायचा, परत धावायचा. एकदा नाकातून रक्त येतंय आणि हा बाहीने पुसतो म्हणावं तर बाहीच नाही. अंगात डाव्या कोपऱ्याचं रक्त असलेला माणूस मी लांबून ओळखतो. मी तीन शुक्रवार गप्प बसून बघितलं. चौथ्या शुक्रवारी राहवलं नाही. माझाच नियम मोडून बोललो.

"साहेब, निकाल मागाहून देतो. पण त्या बारवाल्याच्या बापाला काही कळत नव्हतं. तुमच्यासारखा राबणारा गडी मी बघितला नाही. बघा, आत्ता कसा चेंडू काढला तुम्ही!"

मी त्याच्याकडे बघितलं. साडेसहा फुटी माणूस सोफ्यावर लहान झाला होता.

"मेट," तो म्हणाला, "तो मी नाही. तो तेवीस नंबर. तो केव्हिन."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू बोलायचं नाही म्हणालास."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

त्याने उठून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं. चित्राच्या पार कडेला, खांबांपाशी, कंबरेवर हात ठेवून एक उंच माणूस उभा होता. "हा मी."

त्या पावसातल्या चित्रात तीन आणि आठ सारखेच दिसत होते. त्याने तीन आठवडे मला दुसऱ्याच माणसावर खूष होताना बघितलं होतं, आणि अट पाळून गप्प बसला होता.

सगळ्या टेपा पहिल्यापासून लावल्या. आता मी त्याच्याकडेच बघत होतो, पण तो दिसायचाच कमी. कॅमेरा चेंडूमागे, आणि हा कायम खांबांपाशी. तिकडे केव्हिन आणि मंडळी मातीत लोळतायत, आणि मग चेंडू उंच उडून येतो, हा झेलतो, सावकाश मागे जातो, मारतो, सहा गुण. लोक वेडे होतात. खांबांमधला पांढऱ्या डगल्यातला माणूस दोन झेंडे हलवतो. सगळे याच्या अंगावर पडतात. केव्हिन तिकडे लांब, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकतोय. त्याच्या अंगावर कोणी पडत नाही.

ऑगस्टच्या एका शुक्रवारी टेपा संपल्या. त्याने टीव्ही बंद केला आणि सरळ बसला, शाळेतल्या पोरासारखा.

मी म्हटलं, "झेल चांगले. नेम चांगला. पण केव्हिनने रांधलं आणि तुम्ही वाढलंत. पंगतीत जेवणारे वाढप्यालाच वाहवा देतात, कारण तोच दिसतो. चुलीपाशी कोण होतं ते कोणी बघत नाही."

"म्हणजे ओव्हररेटेड?"

"हो."

"थोडा?"

"पंच थोडा-जास्त सांगत नाही."

त्याने मान डोलावली. "मग जात नाही," म्हणाला.

मी म्हटलं, "ते मला विचारू नका. मी निकाल दिला. जायचं की नाही हे पंचाचं काम नाही."

"थँक्स, मेट." त्याने दार उघडून धरलं. मी थर्मास उचलून खाली आलो. निकाल झाला होता, आता त्याच्याकडचा चहा मला चालला असता. त्याने विचारला नाही.

त्यानंतर लिफ्टमध्ये भेटला की नुसतं "मॉर्निंग". मीही "मॉर्निंग". शुक्रवारची दुपार पुन्हा माझी झाली. खरं तर पूर्वीही ती माझीच होती, तेव्हा तिचं ओझं वाटत नव्हतं. मी बसून राहायचो, वर तिसऱ्या मजल्यावरून टीव्हीचा आवाज येतो का म्हणून ऐकायचो. यायचा नाही. बंद फ्लॅटमधले फोन वाजायचे. मला वाटायचं, मी काय चूक बोललो? आणि लगेच वाटायचं, चूक बोललो नाही. हट्टी माणसाला एकटं राहणं सोपं जातं असं लोक म्हणतात. त्यांनी करून बघावं.

त्याच दिवसांत मी गावी फोन लावला होता. बूथवर रांग, कार्ड संपत आलेलं. माझा धाकटा भाऊ वसंता. मी तिकडे असल्यापासून घर, आई, कलमं, माझी बायको-पोरं, सगळं तोच बघायचा. तो म्हणाला, "दादा, शाळेची नवी खोली झाली. तुझ्या नावाची पाटी लावली. सरपंच बोलले, गावाचं नाव काढलं तुझ्या भावाने."

"पाटीवर तुझं नाव आहे?"

"माझा कित्याक? पैसे तू धाडलंस."

"चिरे कोणी वाहिले?"

"मियाच," म्हणाला आणि हसला. कार्ड संपलं.

मी खोलीत आलो. चिरे, वाळू, गवंड्यांच्या मागे लागणं, उन्हात उभं राहणं, सगळं वसंताचं. पाटी माझी. मी पंच म्हणून कधी स्वतःकडे बघितलं नव्हतं. गावाकडे मी सुट्टीवर जायचो तेव्हा स्टँडवर घ्यायला चार माणसं यायची. बॅग वसंता उचलायचा. मी त्यांच्यात उभा, कंबरेवर हात ठेवून.

सप्टेंबर लागला. शाळा उघडायच्या म्हणून मादाम नादिया परत आल्या. दुसऱ्याच दिवशी वरून हाक, "या नातूर!" नवी जाड दोरी आणली होती कैरोहून. मी टोपलीत रोटी ठेवली आणि टोपली वर जायला लागली. मादामनी विचारलं, "मेंढा कुठे आहे? त्याला खाली उभा कर, मला दोरीचा भरवसा नाही."

"मी आहे ना, मादाम."

"तू?" त्या हसल्या. "हबीबी, तू पळतोस."

दोरी काही तुटली नाही. पण मी टोपली वर जाईपर्यंत तिच्याखाली उभा राहिलो आणि मान वर करून बघत राहिलो. खाली उभं राहायलाही काहीतरी लागतं. जी वस्तू वरून पडतेय ती आपल्याकडे येतेय असं समजून तिच्याखाली जायला लागतं. मी त्या दिवशी बाजूला उडी मारली होती. तो आत धावला होता.

आता निकाल फिरवायचा का? छे. मी आयुष्यात निकाल फिरवलेला नाही. पण मी तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि बेल दाबली. त्याने दार उघडलं. अंगाला मेंढरांचा वास, डोळे झोप न झालेले.

मी दारातूनच म्हटलं, "निकाल तोच आहे."

"ठीक आहे," तो म्हणाला. "एवढं सांगायला आलास?"

"नाही. तो केव्हिन जिवंत आहे का?"

"आहे. बरीच वर्षं बोललो नाही."

"समारंभाला येईल?"

"येईल बहुतेक."

"मग जा. टाळ्यांसाठी नको. मी लांबून बघणारा, मला चुलीपाशी काय झालं ठाऊक नाही. वाढपी कसा होता ते रांधणाऱ्याला विचारायचं असतं. त्याला विचारा."

"आणि तोही तेच बोलला तर?"

"तर तेच. पण त्याच्या तोंडून. माझ्या तोंडून ऐकून घरात बसणं बरोबर नाही."

त्याने मागे वळून खुर्चीवरच्या कोटाकडे बघितलं. मग म्हणाला, "माझ्या कोटाला मेंढरांचा वास येतो."

"द्या," मी म्हटलं. "धुऊन, इस्त्री करून आणतो. नातूर कशाला आहे?"

तो गेला. तो जाऊन येईपर्यंतच्या दिवसांत मी त्याच्या फ्लॅटची चावी खिळ्यावरून काढून उगाच आत जाऊन यायचो. मासे नाहीत, झाडं नाहीत. टीव्ही पुसायचो.

एका दुपारी टॅक्सी थांबली आणि तो उतरला. मी सामान उचलायला पुढे झालो तर त्याने माझ्या हातातून बॅग काढून घेतली. म्हणाला, "आज माझ्याकडे जेव. आता तरी चालतं ना?"

त्याने मेंढीचं मटण केलं होतं, नुसतं भाजलेलं, मीठ-मिरीचं. खरं सांगतो, चव काही नव्हती. मी दोनदा घेतलं.

"विचारलंत?" मी म्हटलं.

"विचारलं. समारंभ संपल्यावर, बाहेर, गाड्यांपाशी. म्हटलं, केव, मी ओव्हररेटेड होतो का? तो म्हणाला, हो, तुझी मिशी फार ओव्हररेटेड होती." डग साहेब हसला आणि मग हसायचा थांबला. "मग म्हणाला, डगी, माझ्या अंगावर कायम तिघे असायचे. वर बघायला वेळ कुठला? मी न बघता मारायचो. इतकी वर्षं न बघता मारत राहिलो, कारण तू तिथे असणार हे मला ठाऊक होतं. ज्याच्याकडे न बघता मारता येतं असा माणूस मला नंतर परत मिळाला नाही. ना खेळात, ना घरात."

मी जेवत राहिलो.

"काय म्हणतोस, पंच? फिरवतोस निकाल?"

"नाही," मी म्हटलं. "पंच बघितलेल्यावर बोलतो. हे टेपेत नव्हतं."

तो इतका हसला की वरच्या मजल्यावरून मादामनी जमिनीवर काठी आपटली. मग त्याने विचारलं, "तुझा केव्हिन कोण?"

मी वसंताबद्दल सांगितलं. पाटीबद्दल पण सांगितलं. एरवी सांगितलं नसतं, पण त्याचं मीठ पोटात गेलं होतं.

"मग तू विचार त्याला," तो म्हणाला. "मी गेलो तसा."

"बघू. इन्शाल्ला," मी म्हटलं. तिकडे नको असलेल्या गोष्टीलाही हाच शब्द चालतो, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

पुढे एक-दोन वर्षं शुक्रवारी आम्ही टेपा बघायचो. आता मी बिस्किटंही खायचो. मग त्याच्या कंपनीने त्याला दुसऱ्या देशात पाठवलं. जाताना त्याने टीव्ही आणि व्हिडिओ मला दिला, टेपा मात्र नेल्या. त्याच्या फ्लॅटमध्ये नवं कुटुंब आलं. त्यांची मुलं मला "अंकल" म्हणायची आणि इंग्रजीत काय काय सांगायची, मी "येस येस" करायचो. मादाम नादियाही एका उन्हाळ्यात गेल्या त्या परत आल्या नाहीत. टोपली गॅलरीत बरेच दिवस लटकत होती. शेवटी मीच उतरवली.

कबड्डीत चढाईला जाणारा दम धरून परक्या अंगणात शिरतो आणि दम आहे तोवर परत रेषेला हात लावतो. माझी चढाई लांबली. पण हात लागला, परत आलो.

गावी आल्यावर लोकांनी नारळ दिला, शाल दिली. शाळेच्या खोलीवरची पाटी मी बघून आलो. वसंताला विचारायचं होतं. रोज सकाळी चहा घेताना विचारायचं ठरवायचो. तो म्हणायचा, "दादा, साखर झाली मां?" मी म्हणायचो, "झाली." एवढंच. डग साहेब अख्खा समुद्र ओलांडून विचारून आला. मला पडवीतला पाट ओलांडता येईना. मी त्याला ओव्हररेटेड म्हटलं होतं. एवढी एक गोष्ट मात्र त्याला जमली आणि मला नाही.

मे महिना आला. वसंता कलमावर चढला. आता त्याचंही वय झालंय, पण आंबा तोच उतरवतो, दुसऱ्याच्या हाताला देत नाही. तो फांद्यांत दिसेनासा झाला. इतकी वर्षं खाली कोण उभं राहायचं कोण जाणे. त्या दिवशी मी गेलो.

पानांतून त्याचा आवाज आला, "दादा, खाली आसस मां?"

मी म्हटलं, "आसंय रे."

भरलेली टोपली दोरीवरून खाली यायला लागली. मी मान वर करून बघत होतो. पानांतून त्याचा चेहरा दिसला. तो खाली बघतच नव्हता. त्याची नजर पुढच्या फांदीवर होती आणि हात दोरी सोडत होता.

मी बाजूला झालो नाही. दोन्ही हात वर केले.